आधी विमान, मग फोन

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडाचं नाव मुंबईच्या पेपरात यायचं ते शेतकरी आत्महत्यांच्या बातमीतच. आणि मी, भातकुलीच्या एका मास्तरांची मुलगी, अमरावतीजवळच्या धावपट्टीवर दोन सीटांचं विमान चालवायला शिकत होते. ‘पोरीच्या हाती कोनी इमान देते काय?’ असं विचारून विचारून गावानं बाबांना हैराण केलं होतं. अमरावती ते अकोला आणि परत, ही एकटीची फेरी नीट झाली की त्या तोंडांना कुलूप लागणार होतं आणि माझी लायसन्सची वाट मोकळी होणार होती.

शिकवणाऱ्या सरांचा नियम कडक. हवेत मोबाईल बंद. रेडिओ पार मेला तरच चालू करून त्यांना फोन लावायचा, तोही विमान सरळ आणि स्थिर झाल्यावर. “आधी इमान, मंग फोन,” ते सारखं बजावायचे.

अकोल्याहून परतताना रेडिओ मेलाच. मी विमान सरळ केलं, मोबाईल चालू केला, सरांना लावला आणि हेडफोनच्या आत कानाशी सरकवला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. अस्सा संताप आला! मी वर अडकलेली, आणि सर खाली गप्पा मारत बसलेले. शेवटी फोन खिशात कोंबला. धावपट्टीवरून एक घिरटी घातली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कुठे फुगलीय ते पाहिलं, पट्टी रिकामी असल्याची खात्री केली आणि उतरले. इतकी अलगद मी आधी कधीच उतरले नव्हते, हे मी आजही मिरवून सांगते.

सर कडेला उभे राहून फोनवर ओरडत होते, “उतरली ना जी गुरुजी तुमची पोरगी! आता तरी ठेवा!”

आमच्याकडे कोणी घराबाहेर पडलं की पोचल्याचं कळेपर्यंत घरच्यांना घास गोड लागत नाही. मी निघाल्यापासून बाबा सरांना फोन करकरून ‘पोचली का?’ विचारत होते. सरांनी फोन माझ्या हातात दिला.

मी भडकलेच. “बाबा, माहा रेडिओ बंद पडला होता. सराले फोन लावून राहिली होती, तं तुमीच लाइन अडवून बसले!”

बाबा म्हणाले, “म्हंजे कोनी काईच सांगतलं नाही तुले? एकटीनंच उतरवलं?”

“हो.”

“मंग बरंच झालं बेटा, फोन नाही लागला तं. आता कोनी म्हनू शकत नाही का सरानं सांगून उतरवलं.”