गळतीवाले मामा

गळणाऱ्या वस्तूंवर आमच्या मोटारमालकांच्या मामांनी जेवढा जीव लावला, तेवढा कुणी सोन्यानाण्यावरही लावला नसेल. घागर, पखाल, शेजारच्या पोराचं नाक, काहीही ठिबकू लागलं की मामा मान तिरकी करून समोर उकिडवे बसत आणि म्हणत, "हे येतं कुठून?" उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेला. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि चंद्रूस ही चिकट राळ ठासून पाणी बाहेर ठेवायचं, हे त्यांचं काम. म्हातारपणी भाच्याने रत्नागिरी-राजापूर अशी एक जुनी मोटार सुरू केली आणि मामांना नवाच चमत्कार दिसला: इथे आतलं तेल बाहेर यायला बघतं! "चोर तोच रे, नुसतं दार उलटं," असं मला म्हणाले आणि गाडीखाली शिरले ते शिरलेच.

मी त्या गाडीचा ड्रायव्हर. नगरकडचा, चौथीत शाळा सोडलेला, समुद्राच्या आवाजाने झोप न लागणारा. बाजारात मी 'घाटावरचा', मामा मात्र रोज "जेवलास का रे?" विचारत आणि उत्तर यायच्या आत इंजिनाकडे वळत. जाड कागद दिसला की त्यांना त्यात इंजिनाच्या सांध्यात तेल अडवायला बसवायचं गॅस्केटच दिसे. भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी इंजिनाच्या काठावर धरली, हातोडीने हलके ठोकत बरोब्बर कापली आणि जवसाचं तेल फासून बसवूनही टाकली.

"मामा, पत्रिकेवर गणपती होता!" मालक ओरडले.

"मग? विघ्न अडवायलाच बसवलाय त्याला."

पुढे एकदा गाडी चहूबाजूंनी गळू लागली. एक सांधा बुजवावा तर दुसरा पाझरे. मालक मला म्हणाले, "उद्या वाटेत तेल संपून गाडी बसली, तर तू आपला गावी जा." गावी आई आणि धाकटी बहीण माझ्याच भरवशावर होत्या.

मामांनी इंजिन रॉकेलने पुसून लख्ख केलं, त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं, मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पीठ आधी कुठे ओलं होतं ते बघत बसले. पीठ सगळीकडे एकदमच भिजलं. "आतून कोणीतरी ढकलतंय याला," मामा पुटपुटले. मग त्यांची नजर बाजूच्या एका लहानशा नळीवर गेली आणि त्यांचा चेहराच उतरला. इंजिनाने आतली हवा सोडायची ती नळी. तिच्या तोंडाशी थेंब दिसला म्हणून मामांनी मागेच तिच्यात कापूस आणि चंद्रूस ठासला होता! कोंडलेली हवा मिळेल त्या सांध्यातून तेल घेऊन निघत होती.

नळी मोकळी केली, गळती थांबली. कुणाला काही कळलंही नसतं. पण मामा हात पुसत तडक मालकांकडे गेले. "ड्रायव्हरला बोल लावू नकोस. इंजिनाचा श्वास मीच कोंडला होता."

मालक आधी हसले, मग भडकले. "यापुढे गाडीला हात लावलात, तर आईची शपथ आहे तुम्हाला!"

"तुझी आई माझी बहीण, मेल्या. शपथ मला विचारून घाल." मामा तोऱ्यात बोलले खरे, पण पुन्हा कधी गाडीखाली शिरले नाहीत.

माझी नोकरी टिकली. संध्याकाळी मी राजापूरहून परतताना मामा गावाबाहेरच्या वळणावर उभे दिसत. माझ्याकडे बघतही नसत. गाडी पुढे गेली की तांबड्या धुळीत वाकून तेलाचा डाग शोधत, आणि सापडला नाही की पाठमोरेच हात वर करत. आता गाडी नवी आहे, थेंबही गळत नाही. वळणावर वाकून ते बघणारं मात्र कुणी उरलं नाही.