तिसरी घंटी

मागावर कापड विणणारे काका सव्वीस वर्षं सायकलनेच कारखान्यात जात. एखादा ट्रक कट मारून गेला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण सायकल सोडायचं नाव नाही. त्या बाजूला बसच जात नव्हती.

एकाच महिन्यात त्यांनी दुसऱ्यांदा सायकलची घंटी दुरुस्तीच्या दुकानात परत आणली. "हीपण मुकीच निघाली, मिस्त्री. माल बघून घेत जा की."

मिस्त्रीने तिसरी बसवली आणि खटका दाबला. बाकाखालचं मांजर दचकून पळालं. काकांनी मिस्त्रीच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून दाबतच होता.

"वाजतेय?" काकांनी विचारलं. मिस्त्रीने होकारार्थी मान हलवली.

मागांच्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. त्या सवयीत आपले कान कधी गेले, ते काकांना कळलंच नव्हतं. मागून येणारा ट्रक आता अंगावर आल्यावरच कळणार होता.

ते बराच वेळ कोरडंच सीट पुसत राहिले.

"काकूला सांगू नकोस, ती सायकलला कुलूप घालेल," ते म्हणाले. "आणि आरसे बसव. दोन्ही बाजूंना."