सरांचा सोर्स

सर बोलता बोलता हवेत बोटानं लाट काढायचे. वर, खाली, पुन्हा वर. मग बोट मधेच दाणकन खाली यायचं. "अन् इथं खड्डा." समोर कोणी असो वा नसो. चहावाल्याला वाटायचं, सर माशा हाकलतात.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना समोरचा चहा निवल्यावरच आठवतो. सर विदर्भातले. सुरतेतल्या आमच्या लहानशा कारखान्यात ते इलेक्ट्रॉनिक कार्डं आखायचे, मी सोल्डरिंग करायची. सातवीत शाळा सुटलेली, लग्नानंतर जळगावकडून सुरतेच्या डिंडोलीत आलेली. हे काम टिकावं, एवढंच मागणं होतं.

पलसाण्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये आमचं कार्ड रंगाच्या मशीनचं तापमान सांभाळायचं. ते मधेच बंद पडून पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. कापडाचा रंग बिघडला. आमच्या शेठनी कार्ड माझ्यापुढं आपटलं. "बेन, तमारा टांका काचा छे." माझे टाके कच्चे, आता दुसरी बाई बघतो, असं म्हणाले.

सर म्हणाले, "शेठ, जरा थांबा. मी माझा सोर्स लावतो."

सोर्सचा मला एकच अर्थ ठाऊक, वशिला. घरी नवऱ्याला सांगितलं, सर कोणत्या तरी पुढाऱ्याला भेटणार. तो हसला, "तुन्हासाठे पुढारी? माले मिलमा पानी बी कोनी इचारत नही."

दुसऱ्या दिवशी सर पलसाण्याला जाऊन लाइटचे व्होल्ट मोजून आले आणि कॉम्प्युटरसमोर बसले; कुठलंही कार्ड ते आधी त्यातच चालवून बघायचे. मी भीतभीत विचारलं, "सर, तुमचा सोर्स कोण?"

आधी त्यांना कळेना. मग चष्मा काढून हसले. "अवो ताई, सोर्स म्हणजे कार्डाला मिळते ती लाइट! या कॉम्प्युटरातली रेडीमेड लाइट लई शहाणी. पलसाण्यात मोठी मोटर सुरू झाली का व्होल्टात खड्डा पडते. तो यात कुठं आहे बाप्पा? म्हणून आपला सोर्स आपणच बनवाचा."

मग टाइप करत बसले. या क्षणाला इतके व्होल्ट, पुढच्या क्षणाला इतके. एकेक ठिपका जोडत त्यांनी पलसाण्याची लाइट तयार केली.

शेठना बोलावलं. पडद्यावर आमच्याच कार्डाचं सर्किट होतं. रेडीमेड लाइटवर ते नीट चाललं. मग सरांनी आपला सोर्स लावला. रेघ सरकत खड्ड्याशी आली. कार्ड बंद पडावं म्हणून मी देवाला हात जोडले होते.

"पडलं!" मीच ओरडले.

सर शांतपणे म्हणाले, "शेठ, या कार्डात ताईचा एकही टाका नाही."

शेठ खुर्चीतून उठले. "मोटो कपॅसिटर नाखो," म्हणून निघून गेले. खड्डा पडला तरी कार्डाला लाइट पुरवणारा तो मोठा कपॅसिटर मीच लावला. कार्ड पुन्हा परत आलं नाही.

पुढं सर हजिऱ्याकडं मोठ्या कंपनीत गेले. मी त्या दिवशी रजेवर होते. आले तर त्यांच्या टेबलावर निवलेला चहा तेवढा होता.

आमचा कारखाना बंद झाल्यावर मी दुसरीकडं काम मागायला गेले. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "किसका सोर्स है?"

माझं बोट हवेत उठलं. वर गेलं, खाली आलं, मधेच दाणकन पडलं.

"सरांचा," मी म्हटलं.