पुढची डावी सीट

महादूला नवी गाडी घ्यायची आहे ही बातमी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात फुटली, आणि त्या दिवसापासून त्याला सुखाने चहा पिता येईना. ज्यांनी जन्मात सायकलला हवा भरली नव्हती तेसुद्धा इंजिनावर बोलू लागले.

नाक्यावर तर परिषदच भरे. गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंगचे दिवे पोचवणारा प्रितम म्हणे, "इंजिन सोड रे, चाकावरचे स्प्रिंगचे पाटे बघ. गाडी उडाली की माझा एक दिवा गेला!" विटा-रेती वाहणाऱ्याला ओढ हवी होती. घाटकोपरच्या चढावर भरलेली गाडी मागे सरकली की देव आठवतो, असं तो गळ्याला हात लावून सांगे. दिंडोशीत लोकांचं घरसामान हलवणारा एक होता, त्याला इंजिनाशी काही देणंघेणंच नव्हतं. गाणी मोठ्याने वाजली म्हणजे झालं. कुणी म्हणे डिझेलच घे, मर्दाची गाडी. कुणी म्हणे गॅस घे, खिसा सांभाळ. गॅसच्या रांगेत उभं राहून मासळीचं काय करायचं, असं महादूने विचारलं की दोघेही चहावाल्याला हाक मारत.

महादूची स्वतःची इच्छा अगदी साधी होती. त्याला थंड बसायचं होतं.

त्याची जुनी पिकअप होती छोटी, चपट्या तोंडाची. तिचं इंजिन सीटच्या खालीच. आयुष्यातली चांगली वर्षं महादू तव्यावर बसून गाडी चालवत आला होता. उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर घामोळ्यांचं पीक येई आणि बायको हेमांगी पावडर थापता थापता म्हणे, "अहो, तुमी मासली आनता का सोताच भाजून येता?" आता ती गाडी धूर ओकायला लागली होती. मेकॅनिक धम्मपालने तिच्या पोटात डोकं घालून निकाल दिला होता, "पुढच्या पासिंगला ही पास होणार नाय. देवाला स्मर आणि नवीन बघ." म्हणून महादूचा जीव बसला होता मोठ्या, नाकवाल्या पिकअपवर. इंजिन पुढे बॉनेटखाली, आत एसी, आणि बुडाखाली नुसती गादी. स्वर्ग म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असणार!

आता महादूची जुनी गाडी करायची काय, तर रोज पहाटे कोळणींना आणि त्यांच्या पाट्यांना ससून डॉकला न्यायची आणि मासळी घेऊन परत आणायची. बायका मागे पाट्यांपाशी बसत. पुढची डावी सीट मात्र अंजनाबाईची. ती कुणी ठरवून दिली नव्हती, पण तिथे दुसरं कुणी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अंजनाबाई महादूच्या नात्यातली नाही. पण महादूला विचाराल तर तो म्हणेल, देवीनंतर तीच. पूर्वी तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. मालकाने होडी विकली आणि महादू सडकेवर आला, म्हणून त्याने ही सेकंडहँड पिकअप घेतली. पण तिच्यात पाटी ठेवायला कुणी तयार होईना. पाण्यातला माणूस, रस्त्यावर काय दिवे लावणार? पहिल्या दिवशी अंजनाबाई आली, पाटी मागे ठेवली, पदर खोचून पुढे चढून बसली आणि म्हणाली, "चल." तिला बघून बाकीच्या आल्या. पुढे महिनाभरात गाडी माहीमला भर उन्हात बंद पडली. मासळी नरम झाली, बायकांनी महादूच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गाडी काढायलाच धजेना, तर ही दारात पाटी घेऊन उभी! "होरी पन बंद परते," ती म्हणाली. "म्हनून कोनी दर्या सोरतं? ऊठ." नारळी पौर्णिमेला होड्यांची पूजा झाली की ती एक नारळ राखून ठेवी आणि महादूच्या पिकअपपुढे फोडी. हीच तुझी होरी, म्हणे. महादूच्या घरात जो तांदूळ शिजला, पोरगी जी शिकली, ती त्या एका "चल"वर. हे तो कुणालाही सांगायला लाजत नसे. फक्त अंजनाबाईपुढे बोलायची सोय नव्हती. एकदा त्याने सुरुवात केली तर ती म्हणाली, "पुढं बघून गारी चालव."

शोरूमवाल्यांनी मोठी गाडी एक दिवस चालवून बघायला दिली. त्या पहाटे महादू नवरदेवासारखा निघाला. अंजनाबाईने चढताना बॉनेटवरून हात फिरवला, "झकास हाय रे पोरा," म्हणाली. आणि गाडी होतीच तशी. डॉकपर्यंत लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

डॉकवर नेहमीसारखंच झालं. अंजनाबाई लिलावात घुसली, बर्फाच्या पाण्यात पाय आणि बर्फाच्या चुऱ्यात हात. पापलेट बोटांनी दाबून बघितल्याशिवाय ती घेत नाही, आणि बर्फातला मासा काही हातमोजे घालून कळत नाही. उजाडताना पाट्या भरून सगळ्या परत निघाल्या.

अंजनाबाईची एक रीत होती. परतीच्या वाटेवर माहीम आलं की ती कमरेची चंची काढायची, तिची दोरी सोडायची, पान जुळवायची आणि अर्धं महादूच्या हातावर ठेवायची. त्या दिवशी माहीम आलं, वांद्रं आलं, जुहूही मागे पडलं. चंची मांडीवर तशीच.

"मावशे, आज पान नाय?"

"मन नाय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

वर्सोव्याला उतरल्यावर तिने पाटी उचलली आणि ती तिच्या हातून सुटली. पापलेटं रस्त्यावर. मागे बसणाऱ्यांतली तरणी द्रौपदी धावत आली, दोघींनी ती गोळा केली. हातून पाटी सुटावी अशी अंजनाबाई नव्हे. ती आपल्या बोटांकडे परक्यासारखी बघत राहिली.

"हारं म्हातारी झाली, पोरा, हातातला जोर गेला," ती म्हणाली. "तुझी नवी गारी येल तवा पुढं द्रौपदीला बसव. मी आता बस करतंव."

अंजनाबाई धंदा सोडणार? ज्या गाडीला तिने पहिलं "चल" म्हटलं, तिच्या जागी येणाऱ्या गाडीत तीच नाही? घरी त्याला जेवण जाईना. हेमांगी म्हणाली, "वय झालं त्यांचं. किती दिवस करतील?" बरोबरच होतं. पण कालपर्यंत पाटी उचलणारी बाई आज एका दिवसात म्हातारी होते, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

दुपारी मोठी गाडी शोरूमला पोचवून तो जुन्या पिकअपमधून बर्फ आणायला गेला आणि तो भरून परत निघाला. गाडीत भट्टी पेटलेली. सवयीने तिला शिव्या घालत त्याने डाव्या सीटवरचं फडकं घ्यायला हात टाकला, आणि हात तिथेच राहिला.

सीट गरम होती. त्याच्या स्वतःच्या सीटएवढीच, किंबहुना जास्त. आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी दोन खळगे पडले होते, तळहातांएवढे.

परतीच्या वाटेवर अंजनाबाई दोन्ही हात मांड्यांखाली सरकवून, डोळे मिटून बसे. महादूला वाटे, म्हातारी देवाचं नाव घेते. ती शेक घेत होती! बर्फात लाकूड झालेली बोटं ती सीटखालच्या इंजिनावर शेकत होती, आणि माहीम येईपर्यंत ती बोटं चंचीची दोरी सोडण्याजोगी होत होती. ज्या उष्णतेला महादूने रोज शिव्या घातल्या, त्याच उष्णतेवर एक बाई वर्षानुवर्षं आपला धंदा करत होती. एका शब्दाने बोलली नव्हती. गाडी बदलू नको, एवढं तिला म्हणता आलं असतं. पण महादूच्या पाठीवरची घामोळी तिला माहीत होती. भररस्त्यात, बर्फ मागे वितळत असताना, महादूच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तो शोरूमला गेला. तिथली चेतना नावाची मुलगी कागद तयार ठेवून बसली होती. "मोठी नको," महादू म्हणाला. "छोटी दाखव. सीटखाली इंजिनवाली."

चेतनाला वाटलं, हप्त्याचं काहीतरी असेल. तिने छोटीची माहिती द्यायला घेतली, तर हा अर्ध्यातच विचारतो, "तापते किती?"

"अजिबात नाही, सर."

"थोडी तरी?"

"सर, नवीन मॉडेलमध्ये सीटखाली जाड थर दिलाय. तुम्हाला कळणारसुद्धा नाही खाली इंजिन आहे ते."

एरवी गिऱ्हाईक हे ऐकून खूश होतं. महादूचं तोंड एवढंसं झालं. चेतना गोंधळली. मग त्याने विचारलं, डिझेल आणि गॅस यांत जास्त कुठलं तापतं? हा प्रश्न तिला कुणी अशा आशेने विचारला नव्हता. ती हळूच म्हणाली, "गॅसचं, सर. पण तेवढंही नाही—"

"मग गॅसचंच दे," महादू म्हणाला.

नाक्यावर त्याची यथेच्छ टिंगल झाली. हत्ती बघायला गेला आणि बकरी घेऊन आला, असं प्रितम म्हणाला. महादू हसला. नवी गाडी त्याने थेट धम्मपालकडे नेली आणि डाव्या सीटखालचा तो जाड थर काढायला सांगितला.

धम्मपालने पाना खाली ठेवला. "येडा झालास? लोक माझ्याकडे जास्तीचा थर टाकायला येतात. काढायला आलेला तू पहिलाच."

महादूने कारण सांगितलं. धम्मपालने सीट उचलली, थर अर्धाच काढला. सगळा काढला तर मावशी उकडून निघेल, म्हणाला. मग इंजिन चालू ठेवून स्वतः त्या सीटवर बसून बघितलं, पुन्हा उतरला, आणखी एक पदर सोलला, पुन्हा बसला. "आता बरोबर," म्हणाला, आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाही.

अंजनाबाईला आणायला महादू स्वतः तिच्या दारात गेला. "फक्त आजच्या दिवस चल," तो म्हणाला. "गारीचा पयला दिवस. तुज्या पाटीबिगर कशी निघल?" याला नाही म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

डॉकवरून परत निघाले तेव्हा तिची बोटं नेहमीसारखीच ताठरली होती. ती सीटवर बसली, बाहेर बघत राहिली. वरळीच्या सुमारास तिने सीट चाचपली. मग महादूकडे बघितलं. महादू पुढे बघून गाडी चालवत होता, तिनेच शिकवल्यासारखी. दोन्ही हात हळूहळू मांड्यांखाली गेले आणि डोळे मिटले.

माहीमला दोरी सुटल्याचा आवाज आला. अर्धं पान त्याच्या हातावर पडलं. तिची बोटं ऊन होती.

महादूला बरंच काही बोलायचं होतं, पण तिच्यापुढे त्याची सोय नव्हती. म्हणून त्याने विचारलं, "मावशे, मग उद्यापासून द्रौपदीला पुढं बसवू ना?"

अंजनाबाईने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"तिची हारं तरनी हायत," ती म्हणाली. "बसूं दे मागं."