चंद्रीनं पान्हा चोरला

हिंगणीत रूपरावांच्या घरी कुणी लग्नाची पत्रिका दिली, तरी जेवायला त्यांच्या पत्नी जयवंताबाई एकट्याच येणार हे देणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. साळ्याचं लग्न असो की मेहुण्याची तेरवी, रूपरावांचं उत्तर ठरलेलं. "मी आलो तर चंद्रीले कोन दोह्यन? माह्या हाताशिवाय ते पान्हाच सोडत नाई." चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. तिच्याआधी तिच्या मायच्या नावावर हेच वाक्य खपत असे. म्हणताना मान अशी ताठ व्हायची, जणू सेलू तालुक्याचा कारभार यांच्याच अंगठ्याबोटांत अडकलाय.

या शनिवारी मात्र लेकीनं डाव साधला. नातवाचा पहिला वाढदिवस. वर्षाली नागपूरहून गाडी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई दर खेपेले येते. यंदा बाबा येतील." जयवंताबाईंनी पिशवी भरूनच ठेवली होती. रूपराव चप्पल शोधायचं निमित्त करत घरभर फिरले, तर चप्पलही गाडीत जाऊन बसलेली.

नागपुरातल्या सातव्या मजल्यावर त्यांनी दोन दिवस गॅलरीत काढले. तिथून जयवंताबाईंना फोन लावायला रेंज चांगली होती.

"देल्लं का दूध?"

"देल्लं."

"लाथ?"

"नाई मारली. ठेवा आता."

आपल्याला घोर नको म्हणून ही खोटं बोलून राह्यली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रविवारी रात्री जावयानं घरी आणून सोडलं तेव्हा चंद्री झोपली होती. रूपरावांना मात्र झोप कसली लागते! या कुशीवरून त्या कुशीवर करत त्यांनी कोंबड्याची वाट पाहिली.

सोमवारी उजाडायच्या आत ते धार काढायचा गंज घेऊन गोठ्यात हजर. पुढ्यात सरकीची ढेप ठेवली, वगारीला क्षणभर लुचू दिलं, कास धुतली आणि उकिडवे बसले. एरवी हात लागताच चंद्री मोकळी व्हायची. आज थान ओढलं तर थेंब नाही. चंद्री ढेप खात होती आणि भिंतीकडं पाहत होती.

"चंद्रे, मीच होय ना वं!"

चंद्रीनं पाय असा झटकला की गंज भिंतीवर जाऊन आदळला.

रूपरावांनी अंगातला नवा शर्ट काढला. वर्षालीनं त्यावर सेंट मारला होता. जुनी बंडी घातली, राखेनं हात घासले. पुन्हा बसले, पुन्हा लाथ. मग अंगणात दोन चकरा मारल्या, पक्का असलेला खुंटा उगाच ठोकला. तेवढ्यात शेजारचा अंकुश दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल घेऊन आला. लेकराबाळांचा माणूस, पण थट्टेला कायम तयार.

"काय झालं गा काका? डेअरी बंद होईन ना."

"पान्हा चोरला इनं."

"काऊन? काल-परवा तं काकूनं तोंडापर्यंत कॅन भरून देल्ली."

"तोंडापर्यंत?"

"हाव ना! तुमच्यावक्ती तं गळ्याखालीच राह्यते."

रूपराव खुंट्याकडं पाहत राहिले. दूध आज ना उद्या येईल, त्याचं काही नव्हतं. पण म्हैस कुणाच्याही हाताला देत असेल, तर आपण या घरात नेमके कशासाठी, हे काही त्यांना सुचेना.

जयवंताबाई चहा घेऊन आल्या. "मी बसू का?"

"नोको." रूपराव पुन्हा कासेपाशी बसले.

"मंग उभी तं राह्यतो." त्यांनी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्याशी गप्पा सुरू केल्या. कुणाच्या सुनेनं कोणतं लुगडं घेतलं, कुणाची कढी फाटली. चंद्रीनं कान खाली सोडले. रूपरावांच्या मुठीतून गंजात धार वाजली.

"बोल, बोल. थांबू नोको."

जयवंताबाई नेमक्या तिथंच थांबल्या. "दिवाळीले वर्षालीकडं आपून दोघंबी जाऊ."

"अन् इले?"

"अंकुश दोह्यन." त्यांनी कॅन घेऊन उभ्या असलेल्या अंकुशकडं बोट दाखवलं. "आज सांजीपासून हात लावू द्या त्याले." धार बारीक झाली होती. "इतके वर्षं पत्रिकेवर नाव दोघायचं, अन् पंगतीत मी एकटी. लोक इचारते, मालक हायेत ना?"

रूपरावांनी तोंड उघडलं. ठरलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण ऐकणारे दोघंही साक्षीदार, आणि तिसरी तर खुद्द चंद्री.

"बोल तिच्यासंगं," ते गंजाकडं पाहत म्हणाले. "जाऊ."

संध्याकाळी अंकुश आत बसला आणि रूपरावांना बाहेर थांबायचा हुकूम झाला. ते गोठ्याच्या भिंतीला कान लावून उभे. एक तरी लाथ बसावी असं अर्धं मन म्हणत होतं. उरलेल्या अर्ध्याचा त्यांनाच भरवसा नव्हता. आत अंकुश सोयाबीनच्या भावाची काहीतरी रडकथा चंद्रीला सांगत होता. मग धार लागली, चांगली जोरकस.

"सगळं नोको काढू! वगारीले एक थान ठेव!"

"ठेवलं ना काका. काकूनं सांगतलं."

ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या जयवंताबाईंनी विचारलं, "आवो, नातू पाऊल टाकते का आता? तुमी तं काई सांगतलंच नाई."

रूपराव आठवू लागले. गॅलरी आठवली, फोन आठवला, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या आठवल्या.

"टाकत असन," ते म्हणाले. "दिवाळीले पाहून घेऊ ना." आणि पुन्हा भिंतीला कान लावला.