चपला धक्क्यावर

धक्क्यावरून मुलगा बजावत होता, "बाबा, या वयात पोरांना घेऊन कशाला जाताय? निदान इंजिन तरी लावा." मी शिडाची दोरी सैल केली. नातवंडांना लाइफ जॅकेटं घातली होती आणि चपला धक्क्यावर काढायला लावल्या होत्या; आमच्या घरच्या होडीत चपला घालून कुणी चढत नाही. शीड भरलं, होडी कलली, तशी धाकटी नात न सांगता तोल सावरायला वर आलेल्या बाजूला जाऊन बसली. अनवाणी तळव्यांना समुद्र आधी कळतो, डोक्याला नंतर. माणूस म्हातारा झाला की लोक त्याला किनाऱ्यावर बसवायला निघतात. वाऱ्याला मात्र कुणी वय विचारत नाही.

मागे पाहिलं, तर धक्क्यावर मुलानंही चपला काढल्या होत्या. मी होडी वळवली नाही. पोहता येतं त्याला, मीच शिकवलंय.