अजून एकदा करू ना, भिया

"भिया, अजून एकदा करू ना."

प्रयोग संपला, माणसं पांगली की ती मला हे म्हणायची. भिया म्हणजे आमच्याकडे दादा. ओढणी कमरेला गुंडाळलेली, काजळाची मिशी गालभर पसरलेली.

"कोणासाठी? आता कुत्री उरलीत फक्त."

"तो उनके लिए करते हैं ना! त्यांना पण दारू वाईटच."

देवासच्या आमच्या नशामुक्ती पथनाट्यात ती दारुडा बाप व्हायची. वय सोळा. आमच्याच गल्लीतली, आपल्याच मराठी मंडळींतली. नाटक मी लिहिलेलं, पत्रकंही मीच लिहायचो. तिच्या त्या एका वाक्यावर मी बाकीच्यांना भाषण द्यायचो: बघा, निष्ठा याला म्हणतात! पोरगी घरी जायचं टाळते आहे, हे मला दिसलं नाही. दिसलं नाही कसलं, मी बघितलं नाही. तिच्या घरातून आवाज आला की गल्लीतले टीव्ही मोठे व्हायचे. आमचाही व्हायचा.

हाटपिपल्याला प्रयोगाला निघालो की टेम्पो सुरू होताच ती झोपायची. खड्डे, हॉर्न, डफाची कड डोक्याला लागतेय, तरी गाढ. आम्ही तिला कुंभकर्ण म्हणायचो. संध्याकाळ झाली की तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. औषध तिनेच शोधलं, गुटख्याची पुडी. "भूक भी मरती है, दर्द भी," म्हणायची आणि हसायची.

एकदा तालमीत मी म्हणालो, "जरा जास्त झोकांड्या खा. लोक हसले पाहिजेत."

ती थांबली. "असं नाही चालत, भिया. एकदम सीधे चालतात. दारात चपला काढतात, जोडून ठेवतात. मग आतून कडी लावतात."

कोणी काही विचारलं नाही. मग मी म्हणालो, "त्यात नाट्य नाही. झोकांड्याच खा."

तिने खाल्ल्या. लोक पोट धरून हसले.

पुढे कोणीतरी तिला पुडी फोडताना पाहिलं. नशामुक्तीवाली मुलगी गुटखा खाते! बैठक बसली. 'वाईट संगत टाळा' हे माझ्याच पत्रकातलं वाक्य. तेच तिला ऐकवून आम्ही तिला काढलं. संगत म्हणे! लेकराला पहिली संगत कुठे मिळते, हे आमच्या कुठल्या पत्रकात होतं? ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ठीक है. मग संध्याकाळी मी जाऊ कुठे?"

आम्हाला वाटलं, टोमणा मारतेय.

ती गेली एका थोराड मुलाच्या मोटरसायकलवर. बायपासवर, हेल्मेटशिवाय. "वही बोलती थी, और तेज," तो नंतर सांगत होता. पडली. पायात रॉड बसवला. गल्ली म्हणाली, पोरगी हाताबाहेर गेली. तिच्या बापाबद्दल गल्ली काही म्हणाली नाही. धारची मावशी आली आणि तिला घेऊन गेली.

यंदा गणपतीच्या मांडवात आमचा प्रयोग होता. तिचे वडील तिथले मानाचे गृहस्थ. आरतीला पहिला आवाज त्यांचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दसऱ्याला तिला परत आणतोय. आपलं लेकरू किती दिवस दुसऱ्याच्या दारी ठेवायचं? घ्या पुन्हा नाटकात."

मग सतरंजीच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. जोडून ठेवल्या. टाचेला टाच लावून.

आता दारुडा करणारा नवा मुलगा काजळाने मिशी रेखत बसला होता. त्याला म्हणालो, "राहू दे. आज मी करतो."

मी सरळ चालत आलो. चपला काढल्या, जोडून ठेवल्या. वळून कडी लावली. एवढंच. हात उगारावाच लागला नाही.

मांडवात कोणी हसलं नाही. तिच्या वडिलांकडेही कोणी बघितलं नाही. जो तो आपापल्या पायांकडे बघत होता. त्या घरातले आवाज प्रत्येकाने ऐकलेले होते ना! ते उठले, चपला घातल्या आणि गेले. सरळ चालत. प्रयोग संपला तेव्हा टाळी पडली नाही, आणि अजून एकदा म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

मग गल्लीतली दोन-चार मोठी माणसं त्यांच्या घरी जाऊन बोलली. दसरा झाला, ते तिला आणायला गेले नाहीत. म्हणजे बोलता येत होतं आपल्याला. इतकी वर्षं येत होतं.

एका संध्याकाळी मी धारला फोन लावला. माफी मागायची होती. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "झोपलीये रे. हल्ली दिवेलागणीलाच झोपते. उठवू का?"

"नको," म्हणालो.